चक्री बसमधले आजोबा

चष्मा दुकानात आला तेव्हा त्याची उजवी काडी निखळली होती आणि एका काचेला आडवा तडा गेला होता. घेऊन येणारी बाई मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिच्या फिकट निळ्या डगल्याला साबणाचा आणि वाफेचा वास येत होता. रुमालाची गाठ सोडून तिनं चष्मा काउंटरवर ठेवला आणि म्हणाली की हा तिचा नाही, तिच्या बसमधल्या एका आजोबांचा आहे. बिचारे चाचपडत बसमध्ये चढतात. घरी सून आहे, पण तिला कितीदा सांगितलं तरी ती कानावर घेत नाही. शेवटी बसमधल्या बायकांनीच ठरवलं की आपणच करून द्यावा.

काउंटरमागच्या बाईनं चष्मा उचलला आणि तिचा हात तसाच राहिला. डाव्या काडीच्या टोकाला रबराची बारीक नळी चढवलेली होती. ती नळी तिनंच चढवली होती, कानामागची कातडी सोलवटते म्हणून. नाकावरची एक गादी दुसरीपेक्षा जाड होती, कारण हा चष्मा ज्या नाकावर बसायचा ते नाक जरा वाकडं होतं. चष्मा तिच्या सासऱ्यांचा होता. कानावर न घेणारी सून म्हणजे तीच.

तिनं नेहमीच्या दुकानी आवाजात विचारलं की पडला का, त्यावर कुणी बसलं का. धुलाईवालीला बोलायला निमित्तच हवं होतं. आजोबा फार सज्जन आहेत, ती म्हणाली, पण हाल कुत्रा खात नाही. सून रात्री एक वेळ जेवायला घालते, तेही तोंड वाकडं करून. सकाळी ते पोटात काही नसताना निघतात, मग ह्या बायका आपापल्या डब्यांतलं काढून देतात.

"जनाची नाही तर निदान मनाची तरी असावी माणसाला," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता विचारलं, "कधी मिळेल?"

"परवा," सून म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं बाबांकडे नीट पाहिलं. ते नेहमीसारखे जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसले होते. डोळ्यांवर खणातला जुना, काळ्या चौकटीचा चष्मा होता, ज्याचा नंबर केव्हाच बदलला होता. किती दिवस ते हा चष्मा लावून वावरत होते कोण जाणे. तिचा दिवस लोकांच्या नाकांवर चष्मे बसवण्यात जायचा आणि घरातल्या घरात हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. ते तिला बोचलं, पण लगेच त्यांच्या ताटाकडे नजर गेली. बाबा दुसऱ्यांदा भात वाढून घेत होते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

बाबा आयुष्यभर मालधक्क्याच्या वजनकाट्यावर होते. भरलेला ट्रक काट्यावर चढला की आकडा बघायच्या आधीच वजन सांगायचे. मागच्या हिवाळ्यात त्यांची बायको, म्हणजे हिच्या सासूबाई, गेल्या. तेव्हापासून घरात त्यांचा आवाज जवळपास ऐकू येईनासा झाला होता. हो, नाही, झालं, येतो, एवढंच. सकाळी न्याहारी करून बाहेर पडायचे ते दुपारी जेवायला परत. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक होता, त्याच्या कामाला वेळकाळ नव्हता. तो म्हणायचा, बाबा नदीकाठच्या बागेत त्यांच्या वयाच्या माणसांत बसत असतील, बरंच आहे. बागेत जाऊन बघण्याची गरज दोघांनाही वाटली नव्हती.

नवऱ्याला तिनं काही सांगितलं नाही. तो तिथल्या तिथं बापाला फैलावर घेईल आणि मग बाबांच्या तोंडून उरलंसुरलंही निघणार नाही, हे ती जाणून होती. दुसऱ्या दिवशी तिनं दाताचं कारण सांगून सुट्टी घेतली, नवऱ्याचं टोपीवालं जुनं जाकीट चढवलं आणि बाबांच्या मागून निघाली.

बाबा बागेच्या दिशेला वळलेच नाहीत. ते कोपऱ्यावरच्या थांब्यावर गेले आणि चक्री बसमध्ये चढले. शहराला गोल वळसा घालून ती बस निघाली तिथंच परत यायची, म्हणून लोक तिला चक्री म्हणायचे. ड्रायव्हरनं बाबांना हात केला. बाबा पुढच्या भागातल्या समोरासमोरच्या सीटवर बसले, खिडकीशी नाही, वाटेकडेच्या बाजूला. ती मागच्या दारानं चढून टोपी पुढे ओढून बसली. तिला भीती होती ते वळून बघतील, पण त्या जुन्या चष्म्यातून त्यांना चार सीटपलीकडचं माणूस ओळखू येणं शक्य नव्हतं.

बाजाराच्या थांब्यावर धुलाईवाल्या बायका चढल्या. सगळ्यांचे फिकट निळे डगले, सगळ्यांच्या हातांची बोटं पाण्यानं सुरकुतलेली. कालची बाई सर्वांत पुढे होती. बाकीच्या तिला मुकादम म्हणून हाक मारत होत्या, आणि ती खरोखर मुकादमासारखीच कोण कुठं बसणार ते ठरवत होती. बाबांच्या अवतीभवतीच्या जागा त्यांच्याच असाव्यात, कारण दुसरं कुणी तिकडे फिरकलं नाही.

आणि बाबा बोलायला लागले.

सुनेनं हा आवाज घरात कधी ऐकला नव्हता. मोकळा, जरा रंगवून सांगणारा, मध्येच थांबून समोरच्याची उत्सुकता वाढवणारा. काल रात्री काय झालं ते ते सांगत होते. टेबलावर बसलो, म्हणाले, तर तिनं भांडं माझ्यापुढून उचललं आणि म्हणाली, एवढं पुरे झालं तुमच्या वयाला. मुलगा बघत होता. मुलगा काही बोलत नाही, तोही तिला घाबरतो.

बायका चुकचुकल्या. एकीनं विचारलं की चष्म्याचं काय म्हणाली. बाबा म्हणाले, काय म्हणणार, आंधळे होऊन घरात बसा म्हणाली, म्हणजे माझी कटकट मिटेल. मुकादमनं मांडीवर हात आपटला. खिडकीजवळच्या एका किडकिडीत बाईनं पिशवीतून डबा काढला, झाकणात अर्धं अन्न काढून बाबांपुढे धरलं. बाबांनी आधी नको नको केलं आणि मग खाल्लं.

सुनेचे कान तापले होते. उठावं, त्यांच्यासमोर उभं राहावं आणि चारचौघांत सांगावं की ह्या माणसानं तासाभरापूर्वी दोन अंडी आणि टोस्ट खाल्लेत, असं तिला फार वाटलं. पण त्या बायकांचे चेहरे बघून तिचे पाय उचलेनात. आत्ता ह्या बसमध्ये ती उठून काहीही बोलली असती तरी त्यांना हवी असलेली सूनच त्यांना मिळाली असती.

हॉस्पिटलच्या थांब्यावर बायका उतरल्या. पुढे काही वेळ बसमध्ये ऑफिसची माणसं भरली, कानांत इअरफोनची बोंडं घातलेली, मोबाइलकडे बघणारी. बाबांनी शेजारच्याला आज गर्दी कमी आहे असं म्हणून बघितलं. त्यानं मानही हलवली नाही. बाबांनी हात मांडीवर ठेवले आणि ती मंडळी उतरेपर्यंत ते घरातले बाबा होऊन बसले.

मग कॉलेजची मुलंमुली आली आणि बाबा पुन्हा सरसावले. त्या पोरांनी सुनेबद्दल काही विचारलं नाही. त्यांना वेगळ्याच गोष्टीत रस होता. ती आपापल्या पिशव्या बाबांच्या हातात देत आणि बाबा एकदा हेलकावून वजन सांगत. मग एका उंच पोरानं मैत्रिणीला पुढे ढकललं आणि म्हणाला, आजोबा, हिचं सांगा. बाबांनी तिच्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि म्हणाले, बाईमाणसाचं वजन काटेवाला कधी सांगत नाही, काटा मोडतो. पोरं खो-खो हसली. बाबाही हसले, तोंड उघडून, मागचा पडलेला दात दिसेल असे. हसताना त्यांची एक भुवई नवऱ्यासारखीच वर जाते हे तिनं पहिल्यांदा पाहिलं.

बस वळसा पुरा करून परत निघाली. बाबा उतरले नाहीत. आता चढणारी माणसं वेगळी होती, भेटीच्या वेळेला हॉस्पिटलात निघालेली. कुणाकडे उशी, कुणाकडे थर्मास, कुणाकडे धुतलेले कपडे. ती एकमेकांना तोंडओळखीनं ओळखत होती आणि हळू बोलत होती. बाबांनी एकेकाकडे चौकशी केली. तुमच्या भावाचे टाके काढले का. आईंना काल झोप लागली का. कुणाचं काय दुखतंय ते त्यांना सगळं ठाऊक होतं.

एक माणूस मात्र कुणाशी बोलत नव्हता. पन्नाशीचा, दाढी वाढलेला, कपड्यांवर रंगाचे शिंतोडे. रंगारी असावा. बाबांनीच त्याला विचारलं. त्यानं सांगितलं की बायकोचा रिपोर्ट आलाय, डॉक्टर म्हणाले आता फार काही करता येणार नाही. बायकोला अजून ठाऊक नाही. तिला सांगावं की नाही ह्या विचारानं त्याला घास उतरत नाही.

बाबा बोलले तेव्हा तो सकाळचा रंगवून सांगणारा आवाज नव्हता. सुनेला ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागलं.

"सांगा," ते म्हणाले. "मी सांगितलं नाही. घरात ठरलं होतं."

"कुणी ठरवलं होतं?"

"सगळ्यांनी. मीही होतोच."

मग त्यांनी सांगितलं की एका दुपारी घरात दोघंच असताना बायकोनं त्यांना विचारलं होतं, मला काय झालंय ते तुम्हाला तरी माहीत आहे का. ते म्हणाले, नाही. तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि कूस बदलली. त्यानंतर शेवटपर्यंत तिनं त्यांना काहीच विचारलं नाही. पाणीसुद्धा मुलाकडे मागायची.

रंगारी मान खाली घालून ऐकत राहिला. मागच्या सीटवर सुनेनं टोपी आणखी पुढे ओढली. कुणी ठरवलं होतं ते तिला चांगलं आठवत होतं. नवऱ्याला निर्णय घेता येत नव्हता, तो नुसता भिंतीला टेकून उभा होता. तीच म्हणाली होती की आईंना सांगायचं नाही, त्या खचतील. आणि बाबांना वेगळं बाजूला घेऊन म्हणाली होती, बाबा, तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, तुम्ही त्यांच्यापुढे फार बोलूच नका. त्यांनी मान डोलावली होती. ते खरंच बोलायचे थांबले आणि आई गेल्यावरही पुन्हा सुरू झाले नाहीत. इथं त्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. सकाळी भांडं उचलल्याचा आळ घेणारा माणूस आणि हा, दोन्ही एकच होते, आणि दोघांपैकी कुणावर रागवावं हे तिला कळेना.

दुपारी पाळी सुटलेल्या धुलाईवाल्या परत चढल्या, ह्या वेळी मागच्या दारानं. मुकादम सुनेच्या सीटजवळ आली, थबकली आणि तोंड भरून हसली.

"अहो, तुम्ही तर चष्म्याच्या दुकानातल्या," ती म्हणाली. मग पुढे हाक दिली, "आजोबा, ह्याच बाई करतायत बरं तुमचा चष्मा."

तिनं सुनेला हाताला धरून पुढे नेलंच. बाबांनी वर पाहिलं. एवढ्या जवळून त्यांना दिसत होतं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यावर काहीच राहिलं नाही.

"नमस्कार," ते म्हणाले. "तुम्हाला फार त्रास दिला."

तिला त्यांनी आजवर कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"त्रास कसला," ती म्हणाली. "उद्या मिळेल."

मुकादमनं तिला बाबांच्या समोर बसवलं. उरलेला रस्ताभर दोघं परक्या माणसांसारखी समोरासमोर बसून राहिली आणि बायका त्यांच्या डोक्यांवरून बोलत राहिल्या. त्यांच्या थांब्यावर बाबा उठले, तीही उठली. दोघं मागेपुढे चालत एकाच गल्लीत शिरली. बस सुटायला वेळ लागला आणि मुकादम खिडकीतून ते बघत होती.

घरी बाबा बूट न काढता आपल्या पलंगावर बसले. ती दारात उभी राहिली.

"मी तुम्हाला उपाशी ठेवते?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग असं का सांगता लोकांना?"

ते बुटांच्या टोकांकडे बघत म्हणाले, "आधी खरंच सांगितलं होतं. बायको गेली म्हणून. त्या फार हळहळल्या, एकीनं तर डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी थोडं विचारलं. तिसऱ्या दिवशी त्यांचं त्यांचं सुरू झालं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बायको गेली म्हटलं की लोक एकदा हळहळतात. सून छळते म्हटलं की रोज विचारतात, आज काय झालं."

"पण मीच का?"

"दुसरं कोण आहे घरात बोलायला?" ते म्हणाले, आणि त्यांनी हे कोणत्या अर्थानं म्हटलं ते विचारायचा तिला धीर झाला नाही.

पुढच्याच आठवड्यात ज्येष्ठांच्या मदत कार्यालयातून एक बाई आली. मुकादमनं तक्रार केली होती, चष्म्याच्या दुकानातली बाई हीच ती सून, हेही सांगून. त्या वेळी नवराही घरी होता आणि त्याला हे सगळं त्या परक्या बाईच्या तोंडून कळलं. बाई तरुण होती, अतिशय सौम्य बोलत होती. तिनं फ्रीज उघडून पाहिला, बाबांच्या गोळ्यांच्या पट्ट्यांवरच्या तारखा वाचल्या, पलंगावरची चादर हात लावून बघितली. मग दार लावून ती बाबांशी एकटीच बोलत बसली. नवरा बाहेर येरझाऱ्या घालत होता. शेजारणीनं आपलं दार किलकिलं करून ठेवलं होतं.

बाहेर आल्यावर बाई म्हणाली, "ते म्हणतात की बसमध्ये मी सगळं खोटं सांगितलं, सून फार चांगली आहे."

सुनेनं सुटकेचा श्वास टाकला. "तेच खरं आहे."

"बहुतेक जण असंच म्हणतात," बाई तितक्याच सौम्यपणे म्हणाली. "त्यांना ह्याच घरात राहायचं असतं ना. आम्ही अधूनमधून येत राहू."

ती गेल्यावर नवऱ्यानं बापाला एवढंच विचारलं की आता समाधान झालं का, आणि हत्यारांची पिशवी उचलून तो निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तो बाबांशी बोलला नाही. बाबांनी बाहेर जाणं सोडलं. सकाळी ते तयार व्हायचे, बूट घालायचे, दुरुस्त झालेला चष्मा लावायचे आणि खिडकीशी बसून राहायचे. चक्री कोपऱ्यावरून गेली की मान थोडी वळायची. सून कामावरून यायची तेव्हा ते तिथंच असायचे, बुटांसकट. ते असे बसलेले बघणं तिला त्या खोट्या गोष्टी ऐकण्यापेक्षा अवघड जात होतं.

एका सुट्टीच्या सकाळी ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चला, उठा. बसनं जाऊ."

ते घाबरले. नको म्हणाले. तिनं त्यांचं जाकीट आणून हातात दिलं.

बाजाराच्या थांब्यावर बायका चढल्या आणि दोघांना शेजारी शेजारी बसलेलं बघून वाटेतच थांबल्या. सून उभी राहिली. तिनं दोन वाक्यांत सांगितलं की ती कोण आहे, आणि आपण त्या दिवशी बोललो नाही ही आपली चूक झाली. मुकादमनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती पलीकडच्या रिकाम्या सीटवर हात थोपटत बाबांना म्हणाली, "आजोबा, तुम्हाला इथं यायचंय का?"

"नाही. मी इथं बरा आहे."

"असं म्हणायला तिनं शिकवलं का?"

बाबांचा हात दांड्यावर घट्ट झाला. "माझी बायको गेली, ते तुम्हाला सांगितलं होतं," ते म्हणाले. "तेवढंच खरं होतं. बाकीचं मी जुळवून सांगत होतो."

बस एका खड्ड्यातून गेली, सगळ्या एकदम हलल्या आणि पुन्हा सावरल्या. मग ती किडकिडीत बाई, जी रोज झाकणात अन्न काढून द्यायची, हळूच म्हणाली, "मी माझ्या पोरीच्या डब्यातलं काढून देत होते तुम्हाला."

तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. बाबा तिची माफी मागायला लागले, पण तिनं ऐकून घेतलं नाही. मुकादम आता सुनेकडे संशयानं बघत होती, आणि तिचा ह्या कबुलीवर विश्वास बसला नव्हता हे स्पष्ट दिसत होतं. हॉस्पिटलच्या थांब्यावर त्या नेहमीपेक्षा आधीच उठून दाराशी उभ्या राहिल्या.

त्या उतरल्यावर सुनेनं बाबांच्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत तिनं तो पहिल्यांदाच ठेवला होता, आणि दोघांनाही त्याचं काय करावं ते कळत नव्हतं.

"आईंनी मलाही विचारलं होतं," ती म्हणाली.

बाबांनी वळून पाहिलं.

"त्या दुपारच्या आधीच. मी त्यांचे केस विंचरत होते."

"तू काय सांगितलंस?"

"अशक्तपणा आहे म्हणाले. खाल्लं-प्यायलं की बरं वाटेल."

ऑफिसची माणसं चढली, उतरली. कॉलेजची पोरं आली, त्या उंच पोरानं आपली पिशवी पुढे केली. बाबांनी ती घेतली, मांडीवर ठेवली आणि वजन सांगायचं विसरून गेले. पोरानं थोडा वेळ वाट बघितली आणि पिशवी परत घेतली.

त्यानंतर घरात बोलणं सुरू झालं, पण त्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. बाबा आता जेवताना बोलायचे, आणि बोलायचे ते आईबद्दलच. ती कशी हसायची, तिला कशाचा राग यायचा, शेवटी तिचे पाय किती गार पडले होते. सून ऐकायची. नवऱ्याला ते सहन व्हायचं नाही. तो ताट उचलून आतल्या खोलीत जायचा आणि दार लोटून घ्यायचा. कार्यालयातली बाई आणखी दोनदा आली आणि मग यायची थांबली. मुकादम एकदा स्वतःच्या चष्म्यासाठी दुकानात आली. काउंटरवर सून आहे हे बघून तिनं मालकिणीला हाक मारली आणि तिच्याकडूनच नंबर तपासून घेतला.

बाबा पुन्हा चक्रीनं जायला लागले होते, पण सकाळची ती वेळ टाळून, भेटीच्या वेळेच्या बसनं. एक दिवस ते परत आले आणि थेट स्वयंपाकघरात आले. सून भांडी घासत होती. बाबा म्हणाले, आज तो रंगारी भेटला. त्यानं बायकोला सांगून टाकलं होतं.

"मग?"

"तिनं त्याला खोलीतून बाहेर जायला सांगितलं. सहा दिवस झाले, त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही. तो रोज जातो आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून परत येतो." ते ओट्याला धरून उभे होते. "मी सांगितलं म्हणून त्यानं सांगितलं. मी बरोबर केलं का?"

तिनं नळ बंद केला. काहीतरी धीराचं बोलावं असं तिच्या ओठांवर आलं होतं, अशक्तपणासारखं काहीतरी, आणि तिनं ते आतच ठेवलं.

"मला सांगता येत नाही, बाबा," ती म्हणाली. "उद्या मी दुकानात उशिरा जाते. तुमच्याबरोबर येते."

दुसऱ्या दिवशी रंगारी बसमध्ये होता, दाराजवळच्या एकट्या सीटवर. मांडीवर धुतलेल्या गाऊनची पिशवी होती. बाबांना बघून त्यानं मान हलवली, रागानं नाही आणि आपुलकीनंही नाही. बाबा त्याच्या शेजारी दांडा धरून उभे राहिले. बाकीची उशा-थर्मासवाली माणसं एकमेकांची चौकशी करत होती. सून मागं बसून दोघांच्या पाठी बघत राहिली.

हॉस्पिटलचा थांबा आला. आई शेवटी इथंच होत्या; त्या गेल्यापासून बाबा त्या थांब्यावर कधी उतरले नव्हते, बस किती वेळा तिथं थांबली असेल तरीही. रंगारी पिशवी सावरत उतरला. बाबांनी एक पाय खाली टाकला, तिथंच थांबले, मागच्या माणसानं त्यांना अहो उतरा की म्हटलं आणि मग ते उतरले. सून उठेपर्यंत दार मिटलं होतं. काचेतून तिला दिसलं की रंगारी फाटकाशी थांबून मागे वळून बघतोय आणि बाबा त्याला हातानं खूण करतायत, चला, तुम्ही पुढे व्हा, मी येतो.